शिळं नाव

१

घरात पाऊल टाकलं की मी बूट काढता काढता ओरडायची, "आहेस का?" आणि आतून लुबोश ओरडायचा, "नाही, नाहीये! चपला घाल, फरशी गार आहे." लग्न झालं तेव्हापासूनचं हे. विनोद पहिल्यांदा केला तेव्हासुद्धा फारसा बरा नव्हता. पण तो ऐकल्याशिवाय मला घरी आल्यासारखं वाटायचं नाही.

लुबोश, माझा नवरा, ट्रामच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. आमच्या ब्रनो शहरातल्या निम्म्या ट्रामचे ब्रेक त्याच्या हाताखालून गेलेत. आता घरी बसून सूप करायचं, रेडिओशी भांडायचं आणि शनिवारी जंगलात मशरूम शोधत भटकायचं, एवढा त्याचा कार्यक्रम. मी अजून नोकरीत. माझं काम सांगायला लागले की शेजारणी जांभया देतात, म्हणून तुम्हाला थोडक्यात सांगते.

संगणकाच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. तुम्ही एखादा फोल्डर मागितला की तो दर वेळी मुख्य साठ्याकडे जाऊन विचारत बसत नाही. आळशी असतो मेला. एकदा विचारलेलं नाव जवळ ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच तोंडावर फेकतो. आमच्या फाटकावरचा रखवालदार सकाळी साहेबांना आत जाताना बघतो आणि मग दिवसभर कुणीही विचारलं तरी "आहेत" म्हणतो. साहेब मागच्या दाराने कधीच पसार झालेले असतात. तसंच हे. फोल्डर साठ्यातून पुसला गेलेला असतो आणि कर्नल म्हणतो, आहे की. उघडायला जावं तर मागे कुणीच नाही. अशा नावाला आम्ही शिळं नाव म्हणतो, आणि ती शिळी नावं दिसू लागली की कर्नलमधली चूक हुडकून दुरुस्त करायची, हे माझं काम.

२

त्या ऑक्टोबरात असंच एक दुखणं मानगुटीवर बसलं होतं. जगभरचे लोक तक्रारी करत होते आणि माझ्यासमोर मात्र ते काही केल्या होत नव्हतं. दुरुस्ती लिहून तयार होती. पण दुखणं डोळ्यांनी बघितल्याशिवाय औषध बाहेर पाठवायचं नाही, हा आमच्यातला नियम.

आमच्या खोलीत एकाच साठ्याला जोडलेली दोन मशीनं होती. एक माझ्या टेबलावर, एक खिडकीजवळ. माझ्या मशीनवरून साठ्यात फोल्डर बनवायचा, खिडकीजवळच्या मशीनला तो बघायला लावायचा, मग इकडून पुसायचा आणि तिकडे अजून दिसतो का ते बघायचं. फोल्डरांना आमच्याकडे मशरूमची नावं देतात. माणसांची द्यायची नाहीत. हे कुणी ठरवलं, का ठरवलं, कुणाला माहीत नाही. नवीन आलेल्यालाही पहिल्याच दिवशी सांगतात आणि तोही मान डोलावतो.

"अजून नाही?" रादोवानने विचारलं. रादोवान माझा सहकारी. लाल दाढीचा, तोंडाळ, पण कामाला वाघ.

"नाही. सगळ्यांची मशीनं चळतात, माझंच शहाण्यासारखं वागतंय."

"तुला घाबरत असेल. मी तर घाबरतो."

तेवढ्यात लुबोशचा फोन. "येताना मार्जोरम आण. सुपाला पाहिजे."

"मी कामात आहे."

"मग कामातून आण. मशरूम असे झक्कास मिळालेत आणि घरात मार्जोरमचं पान नाही!"

मी फोन आपटला. डोकं तापलेलं, मशरूमची नावं संपत आलेली. त्या भरात मी फोल्डरला नाव दिलं, लुबोश. बनवला, तिकडे दाखवला, इकडून पुसला.

खिडकीजवळच्या मशीनवर लुबोश तसाच होता.

"सापडलं!" मी खुर्चीतून उडालेच. साठ्यात काही नाही आणि ते मशीन म्हणतंय, आहे. उघडायला गेले तर नुसती चूक दाखवतंय. रादोवान धावत आला, पडद्याकडे बघून त्याने दाढी खाजवली.

"लुबोश? नवऱ्याला पुसलंस? सुटलीस बाई एकदाची!"

आम्ही पोट धरून हसलो. दुखणं असं जिवंत हाती लागलं की त्या मशीनला कुणी बोट लावायचं नसतं. बंद केलं की सगळं पुसून जातं. मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, हात लावाल तर याद राखा, आणि तो पडद्यावर चिकटवला.

३

मार्जोरम घेऊन घरी आले. "आहेस का?"

"नाही, नाहीये! चपला घाल, फरशी गार आहे."

चपला घातल्या. स्वयंपाकघरात गेले तर तिथे कुणी नव्हतं. रेडिओ बंद. सुपाचं भांडं धुऊन पालथं घातलेलं, आणि हात लावला तर कोरडं ठणठणीत. मशरूमचं एक देठसुद्धा कुठे नाही.

"कुठे आहेस?"

"इथेच की," झोपायच्या खोलीतून आवाज आला.

झोपायच्या खोलीत गेले. पडदे ओढलेले, पलंग नीट आवरलेला. कुणी नाही.

"लुबोश, लपाछपी खेळायचं वय आहे का तुझं?"

"सूप घे, गार होईल," आता स्वयंपाकघरातून.

मला राग आला. खरं सांगते, भीती नव्हती, रागच आला. दिवसभर राबून यायचं आणि या म्हाताऱ्याचे पोरखेळ! मी सगळ्या खोल्या पाहिल्या, बाथरूम पाहिलं, गॅलरी पाहिली. चार खोल्यांचं घर, त्यात अडीच मण वजनाचा माणूस लपणार कुठे? पण आवाज येत होता. खाकरणं, खुर्ची सरकवणं, "आई गं" म्हणत उठणं. मी ज्या खोलीत असेन तिच्या शेजारच्या खोलीतून.

शेवटी मी पावाला लोणी लावून खाल्लं आणि टीव्हीसमोर बसले. म्हटलं, कंटाळेल आणि येईल बाहेर. बसल्या बसल्या तिथेच डोळा लागला. सकाळी बघते तर त्याच्या उशीवर सुरकुतीसुद्धा नव्हती.

४

जिन्यात शेबेस्तोवाबाई भेटल्या. आमच्या खालच्या मजल्यावरच्या. गेल्या हिवाळ्यात लुबोशने त्यांचा हीटर दुरुस्त करून दिला, तेव्हापासून त्या त्याला स्वतःच्या मुलापेक्षा जास्त मानतात.

"लुबोश दिसला का हो तुम्हाला? काल कुठे बाहेर जाताना?"

"कोण लुबोश?"

"अहो, कोण काय? माझा नवरा."

बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. मऊ आवाजात म्हणाल्या, "मिलादा, बरं वाटत नाहीये का तुम्हाला? तुम्ही इतकी वर्षं एकट्याच तर राहताय."

जिन्याचा कठडा धरून उभी राहिले आणि त्याला फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई शांतपणे सांगत होती. मी तशीच वर गेले, कपाट उघडलं. अर्ध्या कपाटात माझे कपडे, अर्ध्यात रिकामे हँगर. बोटात अंगठी नव्हती. अंगठीचा वळही नव्हता.

आतून तो खाकरला.

मी पळाले. अक्षरशः पळाले. ऑफिसात पोहोचल्यावर रादोवानला म्हटलं, "काल तू काय म्हणालास ते परत म्हण. नवऱ्याला पुसलंस म्हणालास ना?"

"कुणाच्या नवऱ्याला?"

"माझ्या!"

"तुझं लग्न कधी झालं?" तो हसला, आणि माझा चेहरा बघून थांबला. "मिलादा, काय झालंय? पाणी आणू?"

"खिडकीजवळच्या मशीनवर कुणाचं नाव आहे?"

"लुबोश. तूच दिलंस. मी म्हटलं होतं, माणसांची नावं नकोत. पण कुणाचं का असेना, दुखणं सापडलं ना!"

या रादोवानला लुबोशने उन्हाळ्यात आमच्या घरी जेवायला घातलं होतं. दोघांनी बिअर पिऊन माझी टिंगल केली होती. त्याच्या चेहऱ्यावर आता त्यातलं काहीही नव्हतं, थट्टाही नव्हती. मी खुर्चीत बसले आणि मनात बेरजा करून पाहिल्या, आईचं नाव, शाळेचं नाव आठवून पाहिलं. डोकं शाबूत होतं. निदान डोक्याला तसं वाटत होतं.

५

दुपारीच घरी आले. या खेपेला हाक मारली नाही. स्वयंपाकघरात टेबलाशी बसले आणि ठरवलं की जे काम मला येतं ते करायचं. तपासायचं.

"चहा घेणार?" मी विचारलं.

"दे, पण लिंबू नको," शेजारच्या खोलीतून तो म्हणाला. रोज म्हणतो तसाच, त्याच सुरात.

"खिडकी लावू का?"

"राहू दे, वारा चांगला येतोय." बाहेर वारा नव्हता. खिडकी बंदच होती.

"गुडघा कसा आहे?"

"ट्रामपेक्षा म्हातारा झालाय."

ही सगळी उत्तरं मला पाठ होती. मी टेबलावरचा चमचा उचलला, मुठीत घट्ट धरला.

"लुबोश, माझ्या हातात काय आहे?"

शेजारच्या खोलीतून काहीच आलं नाही.

"सांग ना. माझ्या हातात आत्ता काय आहे?"

भिंतीवरचं घड्याळ, फ्रिजची घरघर. बास.

"चहा घेणार?"

"दे, पण लिंबू नको."

बाई गं! मला कळलं. जे त्याने पूर्वी कधीतरी मला सांगितलं होतं तेवढंच येत होतं. नवीन काही विचारलं की मागे उत्तर द्यायला कुणी नव्हतं. सगळ्या जगाने त्याला पुसलं होतं आणि मी, एकटी मी, खिडकीजवळच्या त्या बावळट मशीनसारखी म्हणत होते, आहे. मी टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडले. इतकी रडले की शेबेस्तोवाबाईंनी खालून छतावर ठकठक केलं.

६

सकाळी ऑफिसात जाऊन कोट न काढता माझ्या मशीनसमोर बसले. साठ्यात नवा फोल्डर बनवला. नाव, लुबोश.

"अगं, अगं!" रादोवान ओरडला. "हाती लागलेलं दुखणं घालवतेस का?"

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मिलुश्का," लुबोश म्हणाला, "कधी येतेस गं? मी वाट बघतोय."

महाप्रयत्नाने विचारलं, "माझ्या हातात काय आहे?"

"फोन. दुसरं काय असणार? कसले प्रश्न विचारतेस!"

मी हसत होते, रडत होते, काय करत होते मलाच ठाऊक नाही. फोन ठेवला तर रादोवान म्हणतो, "लुबोश होता ना? विचार त्याला, शनिवारी मला मशरूमला नेतोय का. उन्हाळ्यात कबूल केलं होतं त्याने."

"नेईल! नेईल की!" मी त्याच्या दाढीचा मुका घेतला. बिचारा गोंधळला.

मी पर्स उचलली तेव्हा तो खिडकीजवळच्या मशीनवर वाकून बघत होता. "ही गंमत बघ. साठ्यात नवा लुबोश आलाय, पण हे येडं अजून जुन्यालाच धरून बसलंय. तुझी दुरुस्ती टाकली की जुन्याला सोडेल आणि नव्याला घेईल. टाकू का?"

"टाक की!" मी दारातून म्हटलं.

"कॉफी पितो आणि टाकतो. तू जा, नवऱ्याला भेट."

ट्राममध्ये बसल्यावर माझं हसू हळूहळू ओसरलं. आमच्याकडे नवीन माणूस आला की मी त्याला पहिली गोष्ट शिकवते ती ही: पुसलेल्या फोल्डरच्या नावाने दुसरा फोल्डर बनवला तर तो तोच नसतो. नाव तेच असतं. बाकी काही तेच नसतं. लोक इथेच चुकतात, असं मी बोट नाचवून सांगते. पण माणसाला कुठे फोल्डरचे नियम लागतात, असं मी स्वतःला समजावलं आणि खिडकीबाहेर बघत बसले.

७

दार उघडलं. कपाटात त्याचे कोट होते. खुंटीवर टोपी होती. बाथरूममध्ये पाणी वाहत होतं आणि कुणीतरी गुणगुणत होतं. लुबोश अंघोळ करताना गुणगुणतो. माझा जीव भांड्यात पडला.

बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. तो टबाच्या काठावर जरा तिरका, पाठमोरा बसून पाय पुसत होता. टक्कल त्याचं, खांदे त्याचे. एक पाय त्याने गुडघ्यावर घेतला होता आणि तळवा माझ्याकडे होता. लुबोशच्या टाचांना इतक्या भेगा की मोज्यांना भोकं पडायची. हा तळवा गुलाबी होता, मऊ होता, एकही रेघ नव्हती त्यावर. जन्मात जमिनीला न लागलेला तळवा.

मी मागे सरकले. आवाज न करता स्वयंपाकघरात आले.

"मिलुश्का," टेबलापलीकडच्या खुर्चीतून तो कुजबुजला, "हळू बोल. बाथरूममध्ये कोण आहे?"

हे वाक्य तो जन्मात कधी बोलला नव्हता.

"लुबोश?" खुर्ची रिकामी होती. "तू बोलतोयस?"

"परवापासून बोलतोय! तू विचारतेस, मी सांगतो, आणि रोजचं सोडून तुला काही ऐकूच जात नाही. काल इथे बसून रडत होतीस, मी शेजारीच होतो गं. चमचा, चमचा म्हणून ओरडत होतो. तुझ्या हातात चमचा होता."

देवा रे! तो होता. सगळा वेळ होता. मी काय करून बसले!

"थांब," मी म्हटलं, "जाऊ नकोस, थांब," आणि फोन काढला. एकदा चुकीचा नंबर लागला. पुन्हा लावला. तिकडे घंटी वाजत होती आणि इकडे तो बोलत होता, घाईघाईने, आजवर कधी न ऐकलेल्या घाबऱ्या आवाजात. "त्याला आत येऊ देऊ नकोस. माझे कोट घेतलेत त्याने. मिलुश्का, माझा हात धर, मी इथेच आहे, जरा पुढे कर ना हात, मी—"

मी हात पुढे केला.

"हॅलो!" रादोवान आनंदात होता.

"टाकू नकोस! रादोवान, टाकू नकोस ते!"

"काय? अगं, टाकलं की. आत्ता, या क्षणी. काय काम केलंयस बाई! जुनं नाव एका झटक्यात गेलं, नव्याला बरोबर उचललं. मागमूस नाही बघ."

माझा हात टेबलावर तसाच पसरलेला होता. खुर्चीतून काहीच ऐकू येत नव्हतं. श्वाससुद्धा नाही. बाथरूममधलं पाणी थांबलं होतं आणि गुणगुणणंही.

"लुबोश!" मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हाक मारली. घसा फाटेपर्यंत मारली. "लुबोश!"

"ओ," माझ्या मानेपाशी कुणीतरी म्हणालं. "इथे आहे. ओरडतेस कशाला?"